समासातले त्रिकोण

माझे बाबा पुस्तकात रेघ ओढायचे तेव्हा आमच्या घरातला पंखा बंद व्हायचा. पान हलता कामा नये, एवढंच कारण. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला, की ते खिडकीखाली मांडी घालून बसायचे. पुढ्यात पाट, पाटावर धम्माचा जाडजूड ग्रंथ, उजव्या हाताला सहा इंची पोलादी पट्टी आणि ब्लेडनं टोक काढलेली कडक पेन्सिल. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, बसले टूलरूम मांडून. आकुर्डीतल्या आमच्या दोन खोल्यांवर तेव्हा पत्रा होता. मे महिन्यात त्या पत्र्याखाली पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते बसणाऱ्यालाच कळेल. तरी मी घामानं निथळत त्यांच्या समोर बसलेली असायचे, कारण ती रेघ ओढताना बघायला मला फार आवडायचं.

बाबा चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. साचे बनवायचे, बिघडलेले साचे दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोखंडावर रेघा मारून त्या रेघेवर कानस चालवलेला माणूस कागदावर तरी वाकडी रेघ कशी ओढेल? पट्टी ओळीखाली टेकवायची, श्वास रोखायचा आणि डावीकडून उजवीकडे एकदाच हात न्यायचा. वरच्या अक्षरांच्या उकारांना रेघ लागता कामा नये आणि खालच्या ओळीच्या वेलांट्यांनाही नाही. मग पट्टी उचलून ते थोडे मागे सरकून त्या रेघेकडे बघायचे, नुकत्या जेवलेल्या माणसासारखे तृप्त. त्यानंतर समासात, त्या परिच्छेदाच्या बाजूला, एक बारीक उलटा त्रिकोण काढायचे. कधी एक, कधी दोन, कुठे कुठे तीन.

मनासारखं वाक्य सापडलं की त्यांचं सगळं अंग सांगायचं. आधी वाचताना ओठ थांबायचे. मग नजर खिडकीबाहेर जायची, परत पानावर यायची, तेच पुन्हा वाचायचे, आणि हात न बघताच पट्टी चाचपायला लागायचा. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये ते वाचत असायचे, चाकणला पोचेपर्यंत ट्रॅफिकची कृपा असायचीच, पण बसमध्ये त्यांनी कधी खूण केली नाही. हलत्या गाडीत मार्किंग करायचं नसतं, म्हणायचे. वाक्य आवडलं की तिथे हात पुसायच्या सुती वेस्टचा एक दोरा ठेवायचा आणि रविवारपर्यंत कळ काढायची. रविवारी ग्रंथ उघडला की त्यातून चार-पाच दोरे लोंबत असायचे. ते सोमवारी सापडलेलं वाक्य रविवारी पुन्हा वाचायचे आणि तोपर्यंत ते फिकं पडलं असेल तर दोरा काढून टाकायचे. सहा दिवस टिकलं तरच रेघ.

मी पाचवीत गेले तेव्हा त्यांनी मला माझी पेन्सिल दिली आणि धम्मातल्या गोष्टींचं एक छोटं पुस्तक दिलं. मी पहिल्याच रविवारी त्याची सात पानं सलग रेघांनी भरली. मला सगळंच आवडलं होतं. बाबांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि हसले.

"समदंच मार्क केलंस तर कापायचं कुठं?"

त्यानंतर मला हळूहळू जमायला लागलं. एखादं वाक्य वाचताना आपण आपोआप थांबतो, तो क्षण ओळखायला मी तिथे शिकले. ते वाक्य कुणीतरी कधीतरी लिहिलेलं, हजारोंनी वाचलेलं, आणि तरी पेन्सिल टेकवली की त्या दुपारपुरतं ते माझं होतं. शाळेत मला मैत्रिणी कमी होत्या, नाकावर राग होता, पण रविवारी बाबांच्या समोर मी सुखी होते. दोघांच्या दोन पेन्सिली आणि मधे एकच पट्टी. ती त्यांनी मला आधी द्यायची.

नियम एकच होता. दुसऱ्यानं कुठे खूण केली ते बघायला हरकत नाही, का केली ते विचारायचं नाही. खूण ज्याची त्याला कळली की झालं, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे त्रिकोणांचा अर्थ मी कधी विचारला नाही. विचारण्यासारखं तरी काय होतं त्यात? बाई वहीत शेरा देतात तसे ते परिच्छेदाला मार्क देत असणार. तीन म्हणजे फार आवडलं, एक म्हणजे बरं आहे. पुढे मोबाइलवर हॉटेलांना आणि रिक्षावाल्यांना तारे द्यायची पद्धत आली, तेव्हा तर मला वाटलं, आमच्या घरात हे कधीपासून चालू आहे.

आई गेली तेव्हा मी बारावीत होते. तापाचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

बाबा रडले नाहीत. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. जलदान विधीला सगळी भावकी जमली होती, मावश्या एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, आणि बाबा सतरंज्या मोजून घेत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला त्या दिवसांत दुसरं काही नकोच होतं. बाबांनी एकदा माझ्यासमोर रडावं, म्हणजे मला कळेल की गेलंय ते आमच्या दोघांचं गेलंय. विधीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ते कंपनीचा शर्ट घालून, बूट बांधत बसले होते. फर्स्ट शिफ्टला निघाले होते.

मी दारात उभी राहिले. तुम्ही माणूस आहात का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

"डबा नको करू," ते म्हणाले. "कँटीनमधी खाईन."

आणि गेले. त्या वाक्याला मी कधी माफ केलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते पुन्हा खिडकीखाली बसले. पाट, ग्रंथ, पट्टी. पंखा बंद. मी आतून आले आणि पंखा पाचवर लावला. पानं फडफडायला लागली. त्यांनी वर बघितलं नाही, उघड्या पानावर फक्त तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले. मी आत जाऊन माझी पेन्सिल मोडली. त्यानंतर मी कुठल्याच पुस्तकात रेघ ओढली नाही. माझा हिशोब सरळ होता. या माणसानं शोक करू नये असं वाचलंय, खाली रेघ ओढलीय, आणि आता तो करत नाहीये. ज्या वाचनानं बायको गेल्यावर डोळ्यात पाणी येत नाही, ते मला नको होतं.

पुढची वर्षं सगळ्यांची जातात तशीच गेली. मी बी.सी.एस. केलं, एम.सी.ए. केलं, हिंजवडीत नोकरी लागली आणि मी मारुंजीत भाड्यानं राहायला गेले. आकुर्डी तशी काही परदेशात नाही. पण हिंजवडीचं ट्रॅफिक हे असं निमित्त आहे की ते कुणीही, कधीही, कशासाठीही द्यावं आणि समोरच्यानं मान हलवावी. मी ते पुरवून पुरवून वापरलं. रविवारी बाबांचा फोन यायचा. आठवड्यात काय वाचलं ते सांगायचे. मी फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासायचे. त्यांना पाण्याचा आवाज ऐकू येत असणार. तू कधी येतेस, असं त्यांनी चुकूनसुद्धा विचारलं नाही, आणि त्याचाही मला रागच यायचा.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांची फुप्फुसं बिघडली. मी सामान घेऊन आकुर्डीला आले आणि घरातूनच काम करायला लागले. पत्र्याच्या जागी केव्हाच स्लॅब पडला होता, बाकी सगळं तसंच होतं. खिडकीखाली तोच पाट. पण त्यांचा हात आता थरथरायचा. पट्टी धरली तरी पेन्सिल पट्टीवरून घसरायची. एक-दोन रविवार त्यांनी प्रयत्न केला, मग पट्टी पुस्तकात ठेवून दिली. वाचायचे मात्र. वाचता वाचता धाप लागायची.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. ग्रंथ मांडीवर होता. त्यावर कंपनीतल्या जुन्या ड्रॉइंगच्या कागदाचं कव्हर होतं, कोरी बाजू बाहेर. मला आठवतं तेव्हापासूनचं. ते म्हणाले, विहारातला ग्रंथ पार फाटलाय, वर्षावासाचं वाचन सुरू व्हायच्या आत आपला नेऊन दे. आमच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आळीपाळीनं, घराघरातली माणसं. मी देईन म्हटलं.

"पण खोडून दे," ते म्हणाले.

"काय?"

"माझ्या खुणा. समद्या."

मी म्हटलं, राहू द्या की, लोकांना आवडेल, इतक्या वर्षांच्या आहेत. त्यांनी मान हलवली. दम खात, तुकड्यातुकड्यानं बोलले.

"मार्किंग आपल्या कामापुरतं असतंय. माल पुढं जाताना ते पुसून जातंय. माझ्या रेघा दिसल्या तर पुढचा मानूस माझंच वाचत बसंल. त्याचं त्याला सापडायचं न्हाई."

मला ओरडावंसं वाटलं की मग माझ्यासाठी काय ठेवताय? आईच्या वेळचं तुम्ही काहीच ठेवलं नाहीत, आता हेही पुसून द्यायचं? मी बरं म्हटलं. आजारी माणसाला बरं म्हणायचं असतं.

नंतर बारा-तेरा दिवसांनी, भर दुपारी, दवाखान्यात ते गेले. शेवटचे चार दिवस तोंडावर मास्क होता. मी शेजारी स्टुलावर बसून होते आणि माझ्या जिभेवर एकच प्रश्न होता, आईसाठी तुम्ही कधी रडलात का. पंधरा वर्षं तो मी पोटात ठेवला होता. पण उत्तर देता येत नाही त्या माणसाला प्रश्न कसा विचारणार? मी त्यांचे पाय चेपत राहिले.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले. वाचन सुरू व्हायच्या आषाढी पौर्णिमेला महिना उरला होता. एका रविवारी मी ग्रंथ घेऊन खिडकीखाली बसले, शेजारी नवीन मऊ खोडरबर. पंखा बंद केला. सवय जात नाही.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या दुःखात व्हायला नको होता, पण झाला. पानापानावर बाबा होते. इथे थांबले, इथे दोनदा वाचलं, इथे त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं, असं सगळं त्या रेघांमधून कळत होतं. एकेका वाक्यावर मीही थांबत होते आणि अगदी तिथेच त्यांची रेघ निघत होती. खोटं न बोलण्याबद्दलच्या पानावर तीन त्रिकोण. न दिलेलं न घेण्याबद्दलच्या पानावर तीन. मला आठवलं, एकदा त्यांच्या खिशात कंपनीचा ड्रिल बिट चुकून घरी आला होता, तर सुट्टीच्या दिवशी बस बदलत बदलत चाकणला जाऊन परत देऊन आले. रागाबद्दलच्या पानावर दोन. तिथे मी हसले. राग त्यांना फार नव्हता, पण आईशी पत्ते खेळताना हरले की चिडायचे.

तीन त्रिकोणांची पानं खोडायला माझा हात धजेना. खोडरबर टेकवायचे आणि उचलायचे. मग मी माझ्याशीच एक सौदा केला. बाबांचा शब्द मोडायचा नाही, पण सुरुवात कमी महत्त्वाच्यांपासून करायची. आधी एक त्रिकोणवाले खोडू, मग दोनवाले, तीनवाल्यांचं पुढचं पुढे बघू.

एक त्रिकोणवाले बरेच होते. आणि ते कशाकशाचे होते ते जसजसं दिसायला लागलं तसतशी मी पेटत गेले. जिवलगांचा वियोग. आपल्या माणसात गुंतलेलं मन. जे जन्मतं ते जातं, त्याचा शोक किती करावा. सगळ्यांना एकेक. ड्रिल बिटाला तीन आणि आईला एक? पंधरा वर्षं मी उगाच शंका घेत होते, इथे तर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. मी खोडायला लागले. कोपर टेकवून, दाबून, रागारागानं. शोकाबद्दलच्या एका परिच्छेदापाशी तर इतकं घासलं की कागदावर लव उभी राहिली आणि समासाची कड थोडी फाटली. तिथे काय होतं, काय नव्हतं, मी बघितलंसुद्धा नाही. कचरा तळहातानं झाडला आणि पान उलटलं. दोन रविवार लागले. ग्रंथात एकटा त्रिकोण कुठेच राहिला नाही.

त्यानंतर मात्र माझा धीर सरला. बाकीचे खोडवेनात. शेवटी मी ग्रंथाची नवी कोरी प्रत विकत आणली. विहाराला ती द्यावी आणि बाबांची आपल्याकडे ठेवावी, म्हणजे दिल्यासारखंही होईल आणि राहिल्यासारखंही. पण न सांगता असं करायला जीव धजेना, म्हणून दोन्ही घेऊन काकांकडे गेले. काका म्हणजे बाबांचे टूलरूममधले सोबती. बावीस वर्षं दोघांचे व्हाइस, म्हणजे काम घट्ट पकडायचे शिकंजे, शेजारी शेजारी होते. निवृत्त झाल्यापासून विहारातलं वाचन तेच बघतात.

सकाळची वेळ होती. काका विहारात चटया झटकून अंथरत होते. मी सगळं सांगितलं, बाबांनी काय सांगितलं होतं, मी काय केलं आणि आता काय करायचंय. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चटई ठेवली, हात धुऊन आले आणि बाबांचा ग्रंथ उघडला. समासातले तीन त्रिकोण दिसले मात्र, ते एकदम हसले.

"आरं लेका," ते पानाकडे बघत म्हणाले. मग पानं उलटत राहिले. बराच वेळ. हसू गेलं.

"एकवालं कुठं हायती?"

मी सांगितलं, खोडले.

"तेच बरं खोडलंस?"

कमी महत्त्वाचे होते म्हणून, असं मी म्हटलं. एकच मार्क दिला होता त्यांनी.

काकांनी ग्रंथाचं कव्हर सोडवलं, कागद उलटा केला आणि चटईवर पसरला. आतल्या बाजूला साच्याच्या कुठल्यातरी भागाचं जुनं ड्रॉइंग होतं, निळसर रेघांचं. त्या आकृतीच्या कडांवर ठिकठिकाणी बारीक उलटे त्रिकोण होते. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. लहानपणापासून ते माझ्या हाताखाली होते, कागदाच्या पलीकडे.

"ह्ये बघ. आमच्या टायमाला असं लिवायचे, काम किती साफ पायजे त्ये. एक म्हंजी खरखरीत, नुसती मशीन मारलीया. दोन म्हंजी बरं. तीन म्हंजी बोट फिरवलं तर काय लागायचं न्हाई, आरशावानी." त्यांनी ग्रंथावर हात ठेवला. "ह्ये पुस्तकाला मार्क न्हाईत पोरी. ह्ये त्यानं सोताला दिल्यात. ज्येला तीन हायत, ते त्येला जमलं. ज्येला एक, ते अजून खरखरीत हाय. ज्याच्यावर त्यो काम करत व्हता ते."

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

म्हणजे जे त्यांचं संपलं होतं तेवढं मी ठेवलं होतं. आणि ज्यात ते होते ते खोडलं होतं.

माझ्या तोंडून आईचं निघालं. विधीच्या दुसऱ्या दिवशी ते फर्स्ट शिफ्टला गेले, काका, मी म्हटलं, एक टिपूस काढलं नाही. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मध्येच थांबले.

"आला व्हता," ते म्हणाले. "व्हाइसमदी एक तुकडा बांधला आन् शिफ्ट संपस्तोवर कानस मारत उभा ऱ्हायला. त्या तुकड्याचं ड्रॉइंगच नव्हतं. भिताडाच्या पल्याड प्रेसशॉप. त्या आवाजात मानूस मोठ्यानं रडला तरी कुनाला ऐकू येतंय? आमी बघून न बघितल्यागत केलं. सायब आला, त्योबी वळून गेला. म्हैनाभर चाललं ह्ये."

घरी का नाही, मी विचारलं.

"मी इचारलं व्हतं त्येला. म्हनला, घरी पोरगी हाय. मी बसलो तर ती कुनाच्या जिवावर उभी ऱ्हाईल?"

मी तिथे, झटकलेल्या चटईवर, रडले. काका उठून खिडक्या उघडत राहिले, मग पाणी घेऊन आले. बराच वेळ गेल्यावर मी त्यांना विचारलं, ते शोकाचं पान, ते परत कसं दिसेल? पान सापडायला अवघड नव्हतं. कागदाची लव उभी होती आणि कड फाटली होती.

काकांनी उजव्या हाताचा अंगठा शर्टाला पुसला, डोळे मिटले आणि समासावरून हळूहळू अंगठा फिरवायला लागले. फिटर माणूस केसाएवढा चर हातानं ओळखतो, हे मी बाबांकडून शंभरदा ऐकलं होतं. कडक पेन्सिलीची रेघ रबरानं जाते, तिचा चर जात नाही.

"हाय," काका म्हणाले. "एक हाय." अंगठा पुढे सरकला आणि थांबला. परत मागे आला. "थांब. दुसरा हाय."

"दोन?"

"न्हाई." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "दोनच बाजू हायत. वरची रेघ न्हाई."

त्यांनी माझं बोट धरून तिथे नेलं. मला काहीच लागलं नाही. त्यांनी पुन्हा नेलं, हलकं फिरव म्हणाले, दाबू नको म्हणाले. मला फक्त मी उभी केलेली लव लागत होती.

त्या दोन रेघा बाबांनी कधी ओढल्या, मला माहीत नाही. आजारपणात, हात थरथरत असताना असतील आणि तिसरी पुरी झाली नसेल. किंवा कितीतरी वर्षांपूर्वीच्या असतील, आता जमलं असं एखाद्या रविवारी वाटलं असेल आणि दोन रेघांनंतर हात थांबला असेल. काकांना मी तेही विचारलं. ते म्हणाले, तुझा बाप खोटा माल पास करनारा नव्हता. एवढंच म्हणाले आणि कव्हर पहिल्यासारखं घालून दिलं, कोरी बाजू बाहेर.

नवी प्रत विहारात आहे. पौर्णिमेपासून तिच्यावर वाचन सुरू झालं, तिच्यात अजून कुणाची खूण नाही. बाबांची प्रत घेऊन मी मारुंजीला परत राहायला आले. खोडलेली अर्धी, न खोडलेली अर्धी, म्हणजे त्यांचा शब्दही मी धड पाळला नाही. रविवारी सकाळी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, पंखा बंद करते आणि ते पान उघडते. डोळे मिटून बोट फिरवते. दिवसभर कीबोर्डवर चालणारं माझं बोट. त्याला काही लागत नाही.

तिसरी रेघ ओढून तो त्रिकोण पुरा करावा, असं एकदा मनात आलं होतं. पण ते काम माझं नाही. मग वाटलं, त्याच परिच्छेदाच्या दुसऱ्या समासात माझी एक खूण करावी. नवीन पेन्सिल आणली, ब्लेडनं टोक काढलं, बाबांची पट्टी घेतली. एकच त्रिकोण काढायचा होता, सगळ्यात खरखरीत, सगळ्यात पहिला. पण एक त्रिकोण म्हणजे निदान एकदा मशीन फिरलेली असते. माझं अजून तेवढंही झालेलं नाही. पट्टी त्या पानात ठेवली आहे, पेन्सिल तिच्या शेजारी.